बहिणाबाईच्या पाठीवरचे वळ

बहिणाबाई म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतात त्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी. शाळेच्या पुस्तकांनी त्यांची कविता घरोघर नेली, ते उत्तमच झाले. पण त्यांच्या अडीचशे वर्षे आधी आणखी एक बहिणाबाई महाराष्ट्रात होऊन गेली. वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेली, शिऊरच्या पाठकांची सून, तुकोबांची शिष्या. वारकरी पंथाच्या मंदिराचा पाया कोणी घातला आणि कळस कोण झाला हे सांगणारा जो अभंग आपण लहानपणापासून ऐकत आलो, तो हिचा. अभंग सगळ्यांना पाठ, करणारीचे नाव थोड्यांना ठाऊक आणि तिच्या संसाराची हकीकत त्याहून थोड्यांना. जी ठाऊक आहे तीही अर्धीच.

ही हकीकत कुणा चरित्रकाराने मागाहून रचलेली नाही. बहिणाबाईने ती स्वतः, आत्मनिवेदनाच्या अभंगांतून सांगितली आहे. मराठी स्त्रीने सांगितलेले पहिले आत्मचरित्र म्हणून अभ्यासक त्याच्याकडे बोट दाखवतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिची गाथा छापून निघाली आणि 1929 साली जस्टिन अ‍ॅबट यांनी पुण्यातून तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. बँकेतल्या नोकरीत असताना निवृत्तीनंतर सवडीने वाचायची म्हणून जी पुस्तके मी बाजूला ठेवली होती, त्यांत ही गाथा होती. संतांचे अभंग म्हणून हातात घेतली आणि एका मुलीच्या संसाराची कैफियत म्हणून वाचत बसलो.

कारण या निवेदनात नवऱ्याने आपल्याला मारल्याचे तिने सांगितले आहे. सूचकतेने नाही, आडपडद्याने नाही. का मारले, कसे मारले, नंतर काय झाले, सगळे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका वैदिक ब्राह्मणाच्या बायकोने हे उघड बोलून ठेवले आहे. घरात होणारी मारहाण लपलेली राहते, कारण बायका बोलत नाहीत, असे आपण नेहमी म्हणतो. ही तर बोलली. मग ते लपले कसे? बहिणाबाईचे चरित्र आज पुन्हा सांगावेसे वाटते ते या प्रश्नासाठी.

तिचा जन्म शके 1550 मधला, म्हणजे इसवी सन 1628. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. बरीच वर्षे मूल नव्हते, नवससायासांनंतर ही मुलगी झाली. तिच्या जन्मानंतर दोनच वर्षांनी शिवरायांचा जन्म झाला, आणि त्याच सुमाराला तो भीषण दुष्काळ पडला ज्यात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली. अशा काळात मुलीला पदरात ठेवून घेण्याची ऐपत आणि रीत कुणालाच नव्हती. खेळण्याच्या वयातच बहिणाचे लग्न लागले. नवरा शिऊरचा पाठक, तीस वर्षांचा बिजवर. वेदविद्येत पारंगत, वागण्याबोलण्यात नेटका, चार लोकांत मान असलेला. बहिणाबाईने त्याच्याविषयी लिहिताना त्याचे गुण आखडते घेतलेले नाहीत. तो विद्वान होता, माणसांतले रत्न होता, असे ती मनापासून सांगते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे जे घडते ते एखाद्या दारुड्या, उडाणटप्पू माणसाच्या हातून घडलेले नाही.

मुलगी नऊ वर्षांची झाली आणि भाऊबंदकीचा कलह पेटून घर सोडण्याची पाळी आली. आईबाप, जावई आणि मुलगी असे सगळे गोदाकाठाने चालू लागले. कोरडी भिक्षा मागायची, मिळेल त्या देवळात पथारी टाकायची. वाटेत पंढरपूर घडले, शिखर शिंगणापूर घडले, रहिमतपूरला काही दिवस मुक्काम झाला. या वणवणीत त्या मुलीला विठोबा भेटला. इतर मुली भातुकली खेळतात त्या वयात ही भजन-पुराण ऐकत चालली होती. अकरा वर्षांच्या सुमारास सगळे कोल्हापुरात आले आणि बहिरंभट नावाच्या एका विद्वान ब्राह्मणाच्या घरी त्यांना आसरा मिळाला. घर हरिकथेचे होते. पुराण चाले, कीर्तने होत. पोरीला हवे ते सगळे मिळाले, आणि त्याच घरात तिच्या संसारालाही सुरुवात झाली.

बहिरंभटांना दानात मिळालेली एक कपिला गाय त्यांनी पाठकांना देऊन टाकली. गाय व्याली. त्या वासराने बहिणाचा असा काही लळा घेतला की ती पाणी भरायला निघाली तरी ते मागे, पुराणाला बसली तरी ते शेजारी. ती दिसली नाही की हंबरडा फोडी. हा सगळा भाग तिने फार मायेने सांगितला आहे. आपले म्हणून काहीच नसलेल्या त्या पोरीला एवढे एक वासरू मिळाले होते.

त्याच दिवसांत जयरामस्वामी वडगावकर कोल्हापुरात आले. रामदास पंचायतनातले हे जयरामस्वामी, त्या काळचे नामांकित हरिदास. कीर्तनाला दाटी झाली. बहिणा आईबापांबरोबर गेली आणि अर्थातच वासरू मागोमाग आले. गर्दीत जनावर कशाला, म्हणून लोकांनी त्याला बाहेर हाकलले. वासरू हंबरू लागले, मुलगी रडू लागली. जयरामस्वामींच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी दोघांनाही आत बोलावले, वासराला कुरवाळले, आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. ही कोणी साधी मुलगी नव्हे, पूर्वजन्मीची साधना घेऊन आलेली आहे, असे त्यांना वाटले.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. पाठकांच्या बायकोच्या डोक्यावर भर सभेत स्वामींनी हात ठेवला, हे सांगायला एक सद्गृहस्थ घरी पोचलेच. पाठक संतापले. आपण वेदशास्त्र जाणणारे, आणि आपली बायको लोकांच्या गर्दीत कीर्तनाला जाते, परका पुरुष तिला हात लावतो, गाव त्याची चर्चा करते! त्यांनी बहिणाला वेणी धरून ओढले, मनसोक्त मारले आणि हातपाय बांधून टाकून दिले. गाय आणि वासरू यांनी चारापाणी सोडला.

मी लहानपणापासून अनेक कीर्तने ऐकली आहेत, आणि उत्तररंगात बहिणाबाईचे आख्यान लावणारे नाणावलेले बुवाही ऐकले आहेत. या ठिकाणी आले की त्यांचा आवाज भरून येतो. पण कशाने? गाय-वासराने गवताला तोंड लावले नाही म्हणून. मुलीला मारल्याचे एका वाक्यात उरकते आणि वासराच्या उपवासावर पंधरा मिनिटे जातात. पुढे वासराचे प्राण गेल्याचा प्रसंग येतो तेव्हा मंडपात पदर डोळ्यांना लागतात. टाळमृदंग उठतात, गजर होतो, आणि त्या गजरात हातपाय बांधून पडलेली पोर कुठल्या कुठे बुडून जाते. वासरासाठी रडण्यात वाईट काही नाही. पण ज्या हाताने ती पोर बांधली तो हात या सगळ्या करुणेच्या पुरात कोरडाच राहतो, हे कुठेतरी खटकले पाहिजे.

त्या घरात त्या वेळी कोण कोण होते याची मी एकदा मनाशी मोजदाद केली. आई होती. बाप होता. आसरा देणारे घरमालक होते. कीर्तनाला आलेल्या गर्दीतले निम्मेअधिक शेजारी असणार. म्हणजे आपण ज्याला चार भिंतींआडचे म्हणतो ते मुळीच चार भिंतींआड नव्हते. आईबापांचा जीव तुटला असेल, पण ती दोघे परागंदा झालेली. जावई मिळवील त्यावर घर चालणार. मुलगी दिली ती त्याची झाली, आणि तो तर शहाणासुरता, कर्ता. त्याचा हात धरायचा कोणी? कादंबरीकार म्हणून मला खलनायक शोधायची सवय आहे. इथे तो नवऱ्याच्या पलीकडे शोधू गेले तर सापडत नाही. सापडतात ती भली, सज्जन, देवभोळी माणसे, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला गप्प बसायला एकेक सबळ कारण होते.

वासरू गेल्यावर बहिणा बेशुद्ध पडली. काही दिवस तिला भान नव्हते. त्या अवस्थेत तिला तुकोबांनी दर्शन दिले आणि मंत्र दिला. तिने तुकोबांना कधी पाहिलेले नव्हते. जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांचे अभंग तेवढे ऐकले होते. तिचे पुढचे सगळे आयुष्य या एका अनुभवावर उभे आहे. त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही आणि तो माझा अधिकारही नाही. एवढेच म्हणतो, की ज्या मुलीला कोणी सोडवायला आले नाही तिला आतून कोणीतरी भेटले. त्याला चमत्कार म्हणा, की माराने अर्धमेल्या झालेल्या जिवाने जगण्यासाठी धरलेली फांदी म्हणा. ती फांदी मोडली नाही, हे खरे.

घरातला जाच मात्र थांबला नाही. उलट त्याला नवे निमित्त मिळाले. कोल्हापुरातले लोक बहिणाला पाहायला येऊ लागले, पाया पडू लागले. ब्राह्मणाच्या बायकोने देहूच्या शूद्र वाण्याला गुरू करावे हे पाठकांना असह्य होतेच. पण त्याहून त्यांना जे डाचत होते तेही बहिणाबाईने टिपून ठेवले आहे. लोक हिच्या पाया पडणार आणि मला कस्पटासारखे लेखणार, हे त्यांचे खरे दुखणे. धर्म, जात, अब्रू ही सगळी वरची कारणे झाली. खाली होता तो दुखावलेला मोठेपणा. स्त्रीवर हात उचलणाऱ्या पुरुषाच्या मनाचे इतके नेमके निदान तिने तेव्हा केले आहे, आणि तेही त्याच्याच घरात राहून.

अखेर त्यांनी ठरवले की हिला सोडून तीर्थयात्रेला निघून जायचे. बहिणा तेव्हा गरोदर होती. आता तिच्यापुढे काय होते? बँकेतली सवय म्हणून मी तिच्या खात्याचे दोन रकाने मांडून पाहिले. जमेच्या बाजूला काहीच नाही. हक्काचे घर नाही, माहेर म्हणावे तर ते त्याच परक्या छपराखाली, स्त्रीधन नाही, पुनर्विवाहाची वाट नाही. खर्चाच्या बाजूला पोटातले मूल, आणि नवऱ्याने टाकलेली हा शिक्का. अशा खातेदाराने काय ठरवावे? तिने ठरवले की पती हाच देव मानायचा, त्याची सेवा सोडायची नाही, विठ्ठलही त्यातच पाहायचा. पतिव्रताधर्मावरचे तिचे अभंग पुष्कळ आहेत आणि आजच्या मुलींना ते वाचवत नाहीत. मला त्यांचा राग समजतो. पण त्या अभंगांच्या शेजारीच तिने बाईच्या जन्माविषयीची तक्रारही मांडली आहे. वेदाचा अधिकार नाही, मंत्राचा नाही, देह पराधीन, मग देव भेटावा कसा, अशी ती तक्रार आहे. दोन्ही तिचेच. एका हाताने ती सोसत होती आणि दुसऱ्या हाताने सोसण्याची नोंद ठेवत होती.

आपल्या परंपरेत नवऱ्याचे घर ओलांडून गेलेल्या संत स्त्रिया आहेत. अक्कमहादेवी गेली, मीरा गेली. मुक्ताबाई आणि जनाबाई संसारात पडल्याच नाहीत. बहिणाबाई राहिली. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने 1982 साली तिच्यावर लेख लिहिला तेव्हा तिला पत्नी आणि संत अशी दोन नावे शेजारी शेजारी दिली, ते फार अचूक आहे. या दोहोंची ओढाताण तिच्या जन्मभर चालली. आणि राहिली म्हणूनच घराच्या आतून दिलेली अशी साक्ष आपल्याला मिळाली.

पाठक निघायच्या बेतात होते तोच अंथरुणाला खिळले. महिनाभर ताप हटेना. बहिणाने रात्रंदिवस शुश्रूषा केली. या आजारात त्यांना पश्चात्ताप झाला. आपण तुकोबांची निंदा केली, बायकोला छळले, त्याचे हे फळ, असे त्यांच्या मनाने घेतले. बरे झाल्यावर तेच म्हणाले की आता देहूला जाऊ. आणि गेले, सगळ्यांना घेऊन गेले.

आख्यान इथे कळसाला पोचते. सहनशीलतेचा विजय झाला, नवरा सुधारला, बाईने सोसले म्हणून संसार तरला. वडीलधाऱ्या बायका लेकीसुनांना हेच सांगत आल्या, आणि अजूनही सांगतात. माझा आक्षेप या निष्कर्षाला आहे. पाठक बदलले ते चांगलेच झाले, आणि बदलणे शक्य असते हेही त्यातून दिसते. पण ते मारताना कोणी अडवले म्हणून बदलले नाहीत, ताप आला म्हणून बदलले. ज्यांना ताप येत नाही त्यांचे काय? ज्या घरात नवऱ्याची प्रकृती ठणठणीत राहते त्या घरातल्या बाईने किती वर्षे वाट पाहायची? एका घरी घडलेला योगायोग सगळ्या घरांसाठी औषध म्हणून वाटत सुटणे, हे फार धोक्याचे आहे. सोसून तरलेली एक बहिणाबाई आपल्याला माहीत आहे, कारण ती तरली. ज्या तरल्या नाहीत त्यांनी अभंग लिहिले नाहीत.

देहूत ही मंडळी पोचली तेव्हा बहिणाला तुकोबांचे प्रत्यक्ष दर्शन झाले. मुक्काम मंदिराजवळच्या आनंदओवरीत पडला. दिवसभर भजन, रात्री कीर्तन. याच गावी तिला मुलगी झाली, काशी. पण इथेही मंबाजी होता. देहूतला हा ब्राह्मण तुकोबांचा द्वेष करी. ब्राह्मणाने शूद्राचे पाय धरावेत याचा त्याला संताप. त्याने या कुटुंबाला त्रास द्यायला सुरुवात केली, आणि एके दिवशी बहिणाबाईची गाय ओढून नेऊन कोंडली व मारली. त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, अशी कथा आहे. महाराष्ट्राला ही कथा तोंडपाठ आहे. मुक्या जनावराच्या वेदनेशी इतके एकरूप होणारे तुकोबा आपल्याला प्रिय आहेत, आणि ते तसेच असावेत.

ही कथा ऐकताना मला मात्र दरवेळी तिसरी पाठ आठवते. गाईच्या पाठीवर मार बसला, तुकोबांच्या पाठीवर वळ उमटले, आणि कोल्हापुरात ज्या पाठीवर खरोखरच वळ होते तिची कथा कुठे आहे? मंबाजी खलपुरुष ठरला, कारण तो बाहेरचा होता. त्याने गाय मारली म्हणून साडेतीनशे वर्षे आपण त्याला शिव्या देतो. घरातल्याने बायको मारली तेव्हा आपण त्याला संसारातले चढउतार म्हणालो. बाहेरचा मारतो तो गुन्हा आणि आतला मारतो तो घरगुती प्रश्न, ही वाटणी आपल्या मनात इतकी जुनी आहे.

1650 साली तुकोबा गेले. बहिणाबाई पुढे अर्धे शतक जगली. कुटुंब शिऊरला स्थिरावले. मुलगा विठोबा झाला, मोठा झाला. तिची वाणी पसरली. जातीने ब्राह्मण ठरत नाही, हा विचार मांडणारी वज्रसूची तिने मराठीत आणली. ज्या कारणावरून तिच्या घरात रणे माजली, त्याच कारणाचा तिने अभ्यास करून त्यावर ग्रंथरचना केली, हे विसरू नये. शेवट जवळ आला तेव्हा मुलाला जवळ बोलावून आपल्या आधीच्या बारा जन्मांची कहाणी तिने सांगितली. 1700 साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी ती गेली. वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला तिची समाधी आहे.

तिने सगळे मुलापासून लपवले नाही, शिष्यांपासून नाही, आपल्यापासूनही नाही. तिच्या म्हातारपणी पाठकांच्या घराला संताचे घर म्हणून मान होता. जुने उगाळू नये, असे तिला कोणी म्हटले असते तर नवल नव्हते. तरी तिने ते निवेदनातून गाळले नाही. नवऱ्याचे गुण सांगितले, त्याचा पश्चात्ताप सांगितला आणि त्याचा मारही सांगितला. माझ्या मते तिच्या संतपणाइतकाच हा सच्चेपणा मोठा आहे.

नोकरीची काही वर्षे मी तालुक्याच्या गावच्या शाखेत काढली. तिथे एक शिक्षिका बचत खाते उघडायला आल्या. अर्ज नीटनेटका भरलेला, सही सुरेख. फक्त पत्रव्यवहाराच्या पत्त्यापाशी अडल्या, आणि शेवटी राहत्या घराऐवजी दुसऱ्या गावच्या बहिणीचा पत्ता लिहिला. घरी बँकेचे एकही पत्र येता कामा नये, एवढेच बोलल्या. मनगटावरची काळीनिळी खूण झाकायला भर उन्हाळ्यात लांब बाह्या घातल्या होत्या. त्यांचे यजमान गावातले प्रतिष्ठित गृहस्थ, सार्वजनिक उत्सवात पुढे असणारे. नियमात बसत होते, मी खाते उघडून दिले. दर महिन्याला थोडी थोडी रक्कम जमा होई. त्या रकमेचा अर्थ मला पुष्कळ नंतर, बहिणाबाईचा जमाखर्च मांडताना, पुरता कळला. जमेचा रकाना कोरा असलेली बाई सोसते, आणि तिच्या सोसण्याला आपण धर्म म्हणतो. रकान्यात चार आकडे पडले की तीच बाई दाराकडे पाहू लागते.

आज बहिणाबाईला नव्हते ते पुष्कळ आहे. 1983 साली नवऱ्याकडून होणारा छळ भारतीय दंडविधानात गुन्हा ठरला आणि 1 जुलै 2024 पासून तीच तरतूद नव्या न्याय संहितेत आली. 2005 साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तो लागू झाला. या कायद्याने मारापलीकडे जाऊन शिवीगाळ, धाक, पैशाची कोंडी यांनाही हिंसा म्हटले, आणि बाईला राहत्या घरातून हुसकता येणार नाही अशी सोय केली. संरक्षण अधिकारी नेमले गेले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि सेहत या संस्थेने दिलासा केंद्र सुरू केले. पडले, धडपडले असे सांगून मलमपट्टीला येणाऱ्या बाईची तिथे आपुलकीने विचारपूस होते. 181 या क्रमांकावर फोन करता येतो.

आणि तरीही 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने जे दाखवले ते असे, की देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे 29 जणींनी नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती कधी ना कधी सोसलेली आहे. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी शंभरात 77 जणींनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. बहिणाबाई आजच्या बहुसंख्य बायकांपेक्षा अधिक बोलली, असा याचा अर्थ होतो.

त्या का बोलत नाहीत याचे उत्तर बहिणाबाईच्या चरित्रात आहे. ती बोलली, आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून वासरू उचलले. बाई काही सांगू लागली की आपण लगेच तिच्या सहनशक्तीचे कौतुक करतो, किंवा नवऱ्याच्या गुणांची यादी वाचतो, किंवा मुलांकडे बघ म्हणतो. तिने जे सांगितले ते मात्र हातात घेत नाही. तिला ते दुसऱ्यांदा सांगावेसे कसे वाटेल?

2008 साली ब्रेकथ्रू संस्थेने एक साधी मोहीम काढली होती. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला तर जाऊन त्यांची घंटा वाजवायची, एवढेच सांगणे होते. साखर मागा, वेळ विचारा, काहीही निमित्त करा, पण कोणीतरी ऐकत आहे हे आतल्याला कळू द्या. मला ती कल्पना फार आवडली. कोल्हापुरातल्या त्या घरात त्या दिवशी असे एखादे माणूस पाठकांना हाक मारत आत आले असते, तर कदाचित अभंग एक कमी झाला असता. बहिणाबाईची त्याला हरकत नसती.

कीर्तनकार बुवांना माझी एक नम्र विनंती आहे. बहिणाबाईचे आख्यान जरूर लावावे, तिच्याइतकी गोड वाणी थोडी आहे. वासराचा प्रसंग रंगवावा, तुकोबांच्या पाठीवरचे वळही सांगावेत. पण हातपाय बांधलेल्या त्या मुलीपाशी आले की क्षणभर टाळ थांबवावेत, आणि हे चुकीचे होते असे स्वच्छ शब्दांत म्हणावे. समोर बायकांच्या बाजूला बसलेल्या एखादीच्या लांब बाह्यांखाली काय आहे हे व्यासपीठावरून दिसत नाही. बुवांचे ते एक वाक्य मात्र तिच्यापर्यंत पोचेल, आणि तिच्या शेजारी बसलेलीपर्यंतही.